झिओलाईटच्या नॅनोकणांच्या गुठळ्या अल्ट्रासाऊंडने फोडण्याची पद्धत

बाटलीवर १०० नॅनोमीटर लिहिलेलं झिओलाईट (सूक्ष्म छिद्रांचं सिलिकायुक्त स्फटिक) पाण्यात टाकावं आणि डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा यावा दीड-दोन हजारांचा, हा अनुभव शोषक, उत्प्रेरक किंवा मेम्ब्रेनवर काम करणाऱ्या कुणालाही नवा नाही. त्यावर नेहमीचा इलाज म्हणजे सोनिकेटरची (अल्ट्रासाऊंड सोडणाऱ्या यंत्राची) वेळ वाढवत नेणं. त्याने काही वेळा काम होतं. बरेचदा प्रोबची (द्रवात बुडवायच्या धातूच्या दांड्याची) टोकं तेवढी झिजतात. अल्ट्रासाऊंड कणांना एकमेकांपासून सोडवतो, एवढंच त्याचं काम. सुटलेले कण सुटे राहतील की तासाभरात पुन्हा चिकटतील, ते पाण्याचा पीएच, पाण्यातले क्षार आणि भुकटी मुळात कशी वाळवली होती यावर ठरतं. म्हणून या लेखात सोनिकेटर चालू होईपर्यंत निम्मा मजकूर संपलेला असेल. त्याला इलाज नाही.

आधी गुठळी कोणत्या जातीची ते बघा

झिओलाईटचा ओला गाळ वाळतो तेव्हा दोन कणांमधलं पाणी आटताना त्यांना जवळ खेचतं. एवढ्यावर थांबलं तर गुठळी मऊ असते आणि अल्ट्रासाऊंडने सुटते. पुढे टेम्प्लेट (स्फटिक घडवताना छिद्रांत राहिलेला सेंद्रिय रेणू) जाळण्यासाठी तीच भुकटी ५५० अंश सेल्सियसच्या भट्टीत गेली, की शेजारच्या कणांच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच) गट पाणी सोडून एकमेकांशी जोडले जातात आणि मध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनचा पूल तयार होतो. ही कडक गुठळी. ती रासायनिक बंधांनी जोडलेली असल्यामुळे २० किलोहर्ट्झचा प्रोब तिची फार तर कडा खातो.

ओळखण्याची सोपी चाचणी आहे. १० मिलिग्रॅम भुकटी १० मि.ली. डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात घ्या, बाथ सोनिकेटरमध्ये (पाण्याच्या टाकीच्या प्रकारात) १५ मिनिटं ठेवा, मग उभ्या नळीत हात न लावता ठेवून द्या. पाण्याने भरलेल्या झिओलाईटची घनता साधारण २ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर स्टोक्सच्या सूत्राने १० मायक्रॉनची गुठळी ५ सेंटिमीटर खाली यायला पंधराएक मिनिटं घेते, १ मायक्रॉनची सुमारे एक दिवस घेते, आणि १०० नॅनोमीटरचा सुटा कण दिवसभरात अर्धा मिलिमीटरही धड उतरत नाही. पाव तासात तळाला पांढरा थर बसला आणि वरचं पाणी नितळ झालं, तर गुठळ्या अजून दहा मायक्रॉनच्या घरात आहेत. वरचा भाग दुसऱ्या दिवशीही दुधी-निळसर राहिला आणि लेझर पॉइंटरची रेघ त्यातून स्पष्ट दिसली, तर निम्मं काम झालेलंच आहे.

एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ९० नॅनोमीटरचे स्फटिक दिसतात, पण कितीही सोनिकेशन करून डीएलएसचा आकडा ५००-६०० च्या खाली येत नाही, तेव्हा गुठळी कडक आहे असं समजून चाला. तिथे ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या झिर्कोनियाच्या मण्यांची बीड मिल लागते, आणि त्यात स्फटिकरचना मोडून काही भाग अस्फटिक होतो, त्यामुळे नंतर एक्सआरडी (स्फटिकरचना तपासणारी क्ष-किरण चाचणी) बघावाच लागतो. त्यापेक्षा पुढची बॅच करताना गाळ वाळवूच नये. सेंट्रीफ्यूजमधून काढलेला ओला गाळ डब्यात घट्ट बंद करून ठेवावा आणि लागेल तेवढा पाण्यात मिसळावा. वाळवणं भाग असेल तर ओव्हनपेक्षा फ्रीझ-ड्रायर बरा. टेम्प्लेट जाळायचाच असेल तर तापमान मिनिटाला १ अंशाने चढवा. घाईने चढवलेल्या भट्टीतून निघालेली भुकटी पुढे कुठलाच सोनिकेटर सुधारू शकत नाही.

वजन: गोव्यातल्या पावसाळ्याचा हिशेब

जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की सुकवलेलं झिओलाईट वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा चढायला लागतो. ४ए झिओलाईट स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी धरतं, वाय प्रकारचं त्याहून थोडं जास्त, तर भरपूर सिलिका असलेलं झेडएसएम-५ बरंच कमी. पाण्यातच मिसळायचं असेल तर भुकटी आधी सुकवण्याचा खटाटोप करू नका. सुकं झिओलाईट पाण्यात पडलं की तापतं, छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, आणि हे बुडबुडे पुढे अल्ट्रासाऊंड शोषून घेतात.

त्याऐवजी भुकटी मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. तिथे सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, त्यामुळे मे महिन्यातलं आणि जुलैमधलं वजन सारखं येतं. त्यातली १ ग्रॅम भुकटी झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ४०० अंशांवर तीन तास तापवून पाण्याचा हिस्सा एकदा काढून ठेवा. थंड झाल्यावर लगेच वजन करा. सुकं झिओलाईट सिलिका जेलकडूनही पाणी ओढतं, त्यामुळे रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवून सकाळी केलेलं वजन फसवतं. पाण्याचा हिस्सा २० टक्के निघाला, तर ०.५ ग्रॅम कोरड्या झिओलाईटसाठी ०.६२५ ग्रॅम भुकटी घ्यायची.

भुकटी हाताळताना एन-९५ मास्क लावा आणि काम फ्यूम हूडमध्ये करा. नैसर्गिक तंतुमय झिओलाईटपैकी एरिओनाईट कर्करोगकारक ठरलेलं आहे. त्याला सोनिकेटरजवळ आणूच नये.

पाणी आणि पीएच

नळाचं पाणी चालणार नाही, मग ते ओपाचं असो की साळावलीचं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं तर उन्हाळ्यात मुळीच नको. कपडे धुण्याच्या पावडरीत ४ए घालतात ते पाण्यातलं कॅल्शियम ओढण्यासाठीच. तुमच्या बीकरमध्येही ते तेच करणार आणि नमुन्याची रचना बदलणार. शिवाय क्षार वाढले की कणाभोवतीचा विद्युतभाराचा थर आक्रसतो. मिठाचं प्रमाण १ मिलिमोलर असताना हा थर सुमारे १० नॅनोमीटर जाड असतो, ०.१ मोलरला जेमतेम १ नॅनोमीटर उरतो. एवढ्या पातळ थराने कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत.

म्हणून भुकटी, विशेषतः आयन-विनिमय केलेली (आतले धनभारित आयन बदललेली) असेल तर, डीआय पाण्याने धुऊन घ्या: पाण्यात मिसळायची, सेंट्रीफ्यूज करायची, वरचं पाणी ओतायचं. वरच्या पाण्याची विद्युतवाहकता १००-२०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली आली की थांबा.

सोडियम रूपातलं ए किंवा वाय झिओलाईट डीआय पाण्यात टाकलं की सोडियम सोडून हायड्रोजन आयन घेतं आणि पाणी आपोआप अल्कधर्मी होतं. १ टक्का ४ए मध्ये पीएच १० च्या आसपास दिसतो. हे आपल्या फायद्याचंच. पीएच ९ ते १० मध्ये कणांवर भरपूर ऋणभार असतो, आणि झेटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागालगतचं विद्युत विभव) उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की सस्पेन्शन टिकतं. पीएच वाढवायचा असेल तर पातळ सोडियम हायड्रॉक्साईड थेंबाथेंबाने घाला. अमोनिया घातला तर अमोनियम आयन सोडियमच्या जागी जाऊन बसतात, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पीएच १२ च्या वर नेऊ नका, सिलिका विरघळायला लागते. उलट बाजूला ४ए आम्लात कोसळतं, त्यामुळे 'पीएच ७ करून घेऊ' म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उचलू नका.

एवढ्यानेही टिकत नसेल तर झिओलाईटच्या वजनाच्या १-२ टक्के सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट घालून बघा. माती परीक्षणात वापरतात ते सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटही चालतं, पण ५ए सारख्या कॅल्शियम रूपाला ते लावू नका. ते कॅल्शियमच काढून घेतं. सीटॅबसारखे धनभारित सर्फॅक्टंट अर्धवट प्रमाणात घातले तर कणांचा ऋणभार शून्यावर येतो आणि सगळं खाली बसतं.

भिजवणं

नाचणीचं तिजण करताना सत्त्व थेट गरम पाण्यात टाकलं तर बाहेरून चिकट आणि आत कोरड्या गाठी होतात, इथेही तेच. भुकटीत आधी थोडंसंच पाणी घालून काचेच्या कांडीने पातळ लेप करा, मग उरलेलं पाणी हळूहळू घाला. सिलिकालाईट-१ सारखं पाण्याला फटकून वागणारं झिओलाईट असेल तर लेपासाठी पाण्याऐवजी इथेनॉलचे काही थेंब वापरा. त्यानंतर मॅग्नेटिक स्टररवर किमान एक तास, जमलं तर रात्रभर. छिद्रांतली हवा निघून जाणं हा यामागचा मुख्य हेतू.

यंत्राची खरी शक्ती काढा

यंत्राच्या पडद्यावर दिसणारे वॉट किंवा टक्के द्रवात किती ऊर्जा गेली ते सांगत नाहीत. 'अ‍ॅम्प्लिट्यूड ५० टक्के, १० मिनिटं' एवढंच वहीत लिहिलं, तर दुसऱ्या यंत्रावर तोच निकाल मिळण्याची शाश्वती नाही. शक्ती काढायला थर्मामीटर पुरतो. ज्या बीकरमध्ये काम करणार त्यातच ५० मि.ली. डीआय पाणी घ्या, बर्फ न लावता प्रोब सलग ६० सेकंद चालवा आणि तापमान किती वाढलं ते बघा. पाण्याचं वजन, ४.१८ आणि तापमानवाढ यांचा गुणाकार करून सेकंदांनी भागा. तापमान ६ अंशांनी वाढलं तर ५० गुणिले ४.१८ गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे २१ वॉट. हीच चाचणी ३०, ४०, ५०, ६० टक्क्यांवर करून तक्ता यंत्राला चिकटवून ठेवा, आणि टोक बदललं की पुन्हा करा. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं. यंत्र स्टॅबिलायझरवर नसेल तर हा तक्ता फारसा कामाचा राहत नाही.

प्रोब चालवताना

५० ते १५० मि.ली.ला १३ मिलिमीटरचं टोक घ्या. १०-२० मि.ली.ला ३ किंवा ६ मिलिमीटरचं, पण बारीक टोकांना अ‍ॅम्प्लिट्यूडची मर्यादा असते, ती यंत्राच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय बटण फिरवू नका. टोकाचा पृष्ठभाग हाताळून बघा: मळकट राखाडी असेल तर ठीक, पण खड्डे पडलेले असतील तर आधी घासून सपाट करा किंवा बदला. खड्डे पडलेलं टोक शक्ती कमी देतं आणि टायटॅनियमचा चुरा जास्त सोडतं.

बीकर अरुंद हवा. ४ सेंटिमीटर व्यासात ५० मि.ली. घेतलं की द्रवाची उंची ४ सेंटिमीटर होते. टोक २ सेंटिमीटर बुडवा, खाली २ सेंटिमीटर मोकळं राहील, आणि ते काचेला कुठेही टेकत नाही याची खात्री करा. टोक उथळ असलं तर हवा ओढली जाऊन फेस होतो. तसं झालं की यंत्राचा सूर बदलतो, नेहमीच्या कर्कश शिट्टीऐवजी फुरफुर ऐकू येते. लगेच थांबवा, फेस बसू द्या, टोक खाली घ्या. टोक हवेत असताना प्रोब चालू करू नये.

बीकरभोवती बर्फ आणि पाणी मिसळून द्रवाच्या पातळीपर्यंत भरा. नुसत्या बर्फाचे खडे काचेला नीट टेकत नाहीत. मासळीसाठी जेटीवर मिळणारा बर्फ यासाठी अगदी पुरेसा आहे, तो बीकरच्या बाहेरच असतो. आतलं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. द्रव गरम झाला की कॅव्हिटेशनच्या (अल्ट्रासाऊंडने द्रवात उठून फुटणाऱ्या) बुडबुड्यांत वाफ भरते आणि ते फुटताना बसणारा धक्का मऊ पडतो, म्हणजे वीज तेवढीच खर्च होते आणि गुठळी फुटत नाही.

५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद असं पल्स लावा. यंत्राचा टायमर फक्त चालू वेळ मोजतो की एकूण, ते बघून घ्या. कानाला मफ लावा आणि प्रोब आवाजपेटीत ठेवा. २० किलोहर्ट्झ ऐकू येत नसला तरी कॅव्हिटेशनचा खालच्या वारंवारतेचा आवाज कानाला त्रास देतोच.

किती वेळ?

ठरीव उत्तर नाही, वक्र काढायचा. २१ वॉट आणि ५० मि.ली. धरलं तर चालू वेळेच्या २ मिनिटांना सुमारे ५० ज्यूल प्रति मि.ली. ऊर्जा जाते, ५ मिनिटांना १२६, १० मिनिटांना २५२, २० मिनिटांना ५०४. प्रत्येक टप्प्याला अर्धा मि.ली. नमुना काढा आणि आकार मोजा. मऊ गुठळ्या असतील तर आकडा सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि मग सपाट होतो. सपाट झाला त्याच्या पुढची प्रत्येक मिनिट टायटॅनियम वाढवते, दुसरं काही नाही. कधी आकडा उतरून पुन्हा चढतो: द्रव तापला आहे किंवा कणांची भारस्थिती मुळातच कमजोर आहे, आणि जोरात आपटणारे कण परत चिकटताहेत. अशा वेळी किमान बिंदूवर थांबा आणि पीएच व क्षारांकडे परत जा.

शेवटी सस्पेन्शन ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) वर ५ मिनिटं सेंट्रीफ्यूज करा. ५ सेंटिमीटर उंचीच्या नळीत पाऊण मायक्रॉनहून मोठं बहुतेक सगळं तळाला जातं, टायटॅनियमच्या चुऱ्याचे जाड कणही. १०० नॅनोमीटरचे कण एवढ्या वेळात मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाहीत. तळाचा गाळ वाळवून वजन केलं की किती टक्के माल न फुटता राहिला ते कळतं. एकट्या डीएलएसच्या आकड्यापेक्षा मी या टक्केवारीवर जास्त विसंबतो.

मोजताना होणारे घोटाळे

डीएलएसमध्ये प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे दहापट मोठा एक कण दहा लाख लहान कणांएवढा प्रकाश फेकतो. त्यामुळे सेंट्रीफ्यूज न केलेल्या नमुन्यात चार गुठळ्या सगळं चित्र बिघडवतात. १ टक्क्याचं सस्पेन्शन शंभरपट पातळ करा, तेही नुसत्या डीआय पाण्याने नको, नाहीतर पीएच बदलतो. त्याच सस्पेन्शनचा थोडा भाग जोरात सेंट्रीफ्यूज करून मिळालेलं वरचं नितळ पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून वापरा. नमुना मात्र फिल्टरमधून ढकलू नका. ज्या गुठळ्या मोजायच्या त्याच फिल्टरवर अडकतील. पीडीआय (कणांचे आकार किती विखुरलेले आहेत त्याचा निर्देशांक) ०.२ च्या खाली असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. एसईएमसाठी अतिशय पातळ थेंब सिलिकॉन वेफरवर वाळवा, आणि वाळताना कण परत जवळ येतात हे लक्षात ठेवून प्रतिमा वाचा.

बाथच असेल तर

वेर्णा, कुंडईच्या औषध कंपन्यांत एचपीएलसीचे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) द्रव डीगॅस करायला असतात तसले ३७-४० किलोहर्ट्झचे बाथ बहुतेक कॉलेजांत मिळतात. न वाळवलेल्या ओल्या गाळाला बाथ पुरतो. वाळवलेल्या भुकटीसाठी तो दुबळा पडतो. टाकीत पाणी भरून १० मिनिटं नमुना न ठेवता चालवा, म्हणजे विरघळलेली हवा निघेल. मग स्वयंपाकाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी धरून ३०-६० सेकंद बुडवा. जिथे फॉइलला भोकं पडली तिथे जोर आहे, तिथेच नमुना लटकवा. बाटली पातळ काचेची घ्या, प्लास्टिक ध्वनी शोषतं. आतल्या द्रवाची आणि टाकीतल्या पाण्याची पातळी सारखी ठेवा, आणि बाटली तळाला टेकवू नका. तासभर चालवलं तर पाणी चांगलंच तापतं, अधूनमधून बदला.

सॉल्व्हेंटमध्ये

मेम्ब्रेनसाठी टीएचएफ, क्लोरोफॉर्म किंवा एनएमपी लागतं. ज्वलनशील सॉल्व्हेंटमध्ये उघड्या बीकरला प्रोब लावू नका, बंद बाटलीत बाथ वापरा. बदलता येणाऱ्या टोकाच्या आट्यांत असले सॉल्व्हेंट झिरपतात आणि सांधा खराब होतो, तिथे अखंड प्रोबच हवा. इथे झिओलाईट खरोखर सुकं लागतं. कण सुटे झाल्यावर एकूण पॉलिमरपैकी ५-१० टक्के आधी विरघळवून घाला, पुन्हा थोडं सोनिकेट करा, मग उरलेला पॉलिमर. पहिला हिस्सा कणांवर पातळ थर धरतो. हेक्झेनसारख्या सॉल्व्हेंटमध्ये उघडं झिओलाईट टिकतच नाही, आधी सिलेनची (पृष्ठभागाला सेंद्रिय थर देणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया करावी लागते.

साठवण

घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवलं तर बर्फाचे स्फटिक कणांना एका जागी रेटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हवेतला कार्बन डायऑक्साईड पीएच हळूहळू खाली आणतो, म्हणून चवथीच्या सुट्टीनंतर बाटली उघडली की आधी पीएच बघा, मग बाथमध्ये ५ मिनिटं ठेवून आकार मोजा. आकडा आधीच्या १० टक्क्यांच्या आत आला तर वापरा. न आल्यास प्रोब पुन्हा लावण्याआधी विद्युतवाहकता मोजा. ती वाढलेली असेल तर सस्पेन्शन सेंट्रीफ्यूज करून डीआय पाण्याने एकदा धुवा, गाळ वाळू न देता परत मिसळा, आणि मगच बर्फ आणा.